अधिक महिन्यातलं औषध

आमच्या घरात कुणी धड बसत नाही. सासूबाई बसल्या की पाय जळतात म्हणून उठतात, उठल्या की भिंत धरून उभ्या राहतात, उभं राहवेना की पुन्हा बसतात. त्या उठल्या की मी उठते, आणि मी उठले की माझा नवरा सोकजे वर्तमानपत्राआडून विचारतो, "काय झालं?" गेली चार वर्षं या प्रश्नाचं उत्तर एकच आहे, तरी तो विचारतो. एखाद्या दिवशी ते वर्तमानपत्र मी त्याच्या डोक्यात घालीन.

आजार नसांचा आहे. डॉक्टर म्हणाले, वायरवरचं प्लास्टिक उंदरानं कुरतडावं तसं नसांवरचं आवरण झिजत गेलंय, आता आतला करंट भलतीकडे पळतो. म्हणजे जखम कुठेच नाही आणि दुखतं सगळीकडे. नुसती चादर पायाला लागली तरी सासूबाई कळवळतात. गोळ्या करून झाल्या. एका गोळीनं अंगावर सूज आली, दुसरीनं इतकी घेरी आली की त्या अंगणात सोयाबीन मुरवायच्या रांजणावर पडल्या. रांजण वाचला, बरगडी मोडली. "रांजण माझ्या सासूचा आहे," त्या म्हणाल्या, "तो फुटला असता तर काय तोंड दाखवलं असतं मी तिला."

मी मूळची पुसानची, समुद्राकाठची. लग्न होऊन आनदोंगला आले त्याला तीस वर्षं होऊन गेली, तरी गावात मला अजून 'पुसानची'च म्हणतात. इथे बाईला माहेरच्या गावानं हाक मारतात आणि ती हाक मरेपर्यंत सुटत नाही. या गावात भांग पिकते. चोरून नाही, परवान्यानं. उन्हाळ्यात देठ कापायचे, वाफवायचे, साल काढायची, ती नखानं चिरून मांडीवर वळायची आणि त्या धाग्याचं पिवळसर कापड विणायचं. मरताना अंगावर आमचं कापड असावं अशी म्हाताऱ्या माणसांची इच्छा असते. पानं मात्र जाळायची, आणि ती जळेपर्यंत सरकारी माणूस कमरेवर हात ठेवून शेतात उभा असतो. धागे वळून वळून सासूबाईंच्या मांडीला घट्टा पडलाय. त्यांचं म्हणणं ठरलेलं: "देठ मेलेल्याचा, पान तुरुंगाचं. जित्या माणसाचं त्यात काही नाही."

म्हणून तेगू शहरातल्या हॉस्पिटलात त्या तरुण डॉक्टरांनी औषधाचा विषय काढला आणि वर हौसेनं म्हणाले, "आजी, तुम्हाला तर ओळखीचंच झाड. भांगेपासूनच काढतात. तोंडात फवारा मारायचा," तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, मी मेले का?"

"नाही हो आजी, असं काय बोलता."

"मग भांग कशाला देता? मेल्यावर अंगावर घालणारच आहेत की."

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, म्हातारी विनोद करते. मग त्यांनी खरं तेच सांगितलं: दुखणं पूर्ण जाणार नाही, निम्मं कमी झालं तरी नशीब, तोंड कोरडं पडेल, थोडी चक्कर येईल, आणि हे दुकानात मिळत नाही, अर्ज करून सरकारी केंद्रातून मागवावं लागतं. सासूबाईंनी एक शब्द ऐकला नाही. गाडीत मागच्या सीटवर कधी या कुशीवर कधी त्या कुशीवर होत घर येईपर्यंत त्या मला बोलत राहिल्या. "लहानपणापासून या हातांनी भांग सोलली. एक पान जिभेला लागू दिलं नाही. आता थडग्यात पाय गेल्यावर गांजेकस होऊ? आणि तू, उजिनची आई, तू तिथं मान डोलवत होतीस. मला दिसलं."

"डोलवत होते. रात्रभर तुमचे पाय मी दाबते, तो डॉक्टर नाही दाबत."

"नको दाबू. मी सांगितलं का?"

"रात्री तर हाका मारता."

यावर त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. मी बोलले ते चुकीचं नव्हतं, पण मला स्वतःचाच राग आला.

अर्ज सोकजेकडून मीच करवून घेतला. बऱ्याच दिवसांनी औषध आलं, थंड पेटीत. सासूबाईंनी ते किमचीच्या, म्हणजे लोणच्यांच्या, फ्रिजमध्ये तळाशी, मुळ्याच्या डब्याखाली सारून दिलं आणि पुन्हा त्याचं नाव काढलं नाही. शेजारच्या चोंगसोंगवाल्या म्हातारीला मात्र कुठून तरी वास लागलाच. भिंतीवरून मान काढून सासूबाईंना म्हणाली, "यंगयांगची, तुझ्याकडे ते आलंय म्हणे. टीव्हीवर दाखवतात तशी तुला पण नेतील गं, टोपी खाली ओढून आणि तोंडाला मास्क लावून."

"तुझ्यासारखं तोंड असतं तर मी रोजच मास्क लावला असता," सासूबाई म्हणाल्या आणि भिंत धरून आत आल्या. आत येऊन त्यांनी उशी चावली.

मग उन्हाळ्यात अधिक महिना लागला. या महिन्यात आमच्याकडे म्हाताऱ्या बायका आपापलं कफन शिवून घेतात, लोक थडगी हलवतात, कारण देव, भुतं, पितर सगळे तेव्हा रजेवर असतात. चोंगसोंगची आपलं कापड घेऊन आमच्याच ओटीवर शिवायला बसली. सुईत दोरा ओवत म्हणाली, "या महिन्यात काही बाधत नाही. मढं खाली डोकं वर पाय उभं केलं तरी कोण विचारत नाही."

मी काकडी चिरत होते. सुरी खाली ठेवली आणि म्हणाले, "मग औषधानं तरी काय बाधणारेय? मामंजीसुद्धा रजेवर असतील."

चोंगसोंगच्या म्हातारीनं दोरा तोडला. सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी उठून काकडी आत नेली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते, तर दारात उभ्या. रात्रभर येरझारा घालून डोळे खोल गेलेले.

"खरंच कुणी बघत नाही ना या महिन्यात?"

"कुणी नाही."

"हे पण?"

'हे' म्हणजे माझे सासरे. जाऊन बारा वर्षं झाली, तरी घरातली त्यांची बसायची उशी अजून कुणी वापरत नाही.

"ते पण नाही," मी म्हणाले.

त्यांनी तोंड उघडलं आणि डोळे घट्ट मिटले. लहान मूल जसं दात पाडायला तोंड उघडतं तसं.

पहिल्या काही दिवसांत काही झालं नाही. तोंड कडू पडलं, चक्कर आली, आणि "बकरीनं चघळून टाकलेलं गवत आहे हे," असा मला रोज आहेर मिळाला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, फवारे हळूहळू वाढवा. मी वाढवत गेले. मग एका दुपारी मी मिरच्या वाळत घालून आत आले आणि दारातच थबकले. सासूबाई बसल्या होत्या. नुसत्या बसल्या होत्या. पाय पसरून, हात मांडीवर, समोर पंखा. मला वाटलं, गेल्या. मी धावत जाऊन त्यांच्या नाकाशी हात नेला.

"काय गं?"

"दुखतंय का?"

त्यांनी विचार केला. चार वर्षांत या प्रश्नावर त्यांना कधी विचार करावा लागला नव्हता. "दुखतंय," त्या म्हणाल्या. "पण शेजारच्या घरात दुखतंय असं वाटतंय."

मी तिथेच बसून रडले. मला म्हाताऱ्या बाईची दया आली म्हणून नाही. त्या रात्री आपल्याला झोप लागेल या विचारानं रडले.

त्या दिवसांत सासूबाई बोलू लागल्या. शिव्या सोडून दुसरं काही. दोकपाल काकांबद्दल मला त्यांनी तेव्हाच सांगितलं. सासऱ्यांचा हा धाकटा भाऊ. घरात त्याचा फोटो नाही, त्याचं नाव निघालं की सासरे ताट सारून उठायचे, एवढंच मला माहीत होतं. व्हिएतनामच्या लढाईतून तो मांडीत लोखंडाचे तुकडे घेऊन आला होता. कापणी झाली की रानात बसून पानं ओढायचा. त्या आधी गावात कुणाला त्याचं काही वाटत नसे. मग कायदा आला, पोलीस आले. सासरे तेव्हा गावच्या विणकरांचे म्होरके. भावापायी सगळ्या गावाचा परवाना जाईल म्हणून घाबरले. ठाण्यात उभं राहून म्हणाले, याला काही दुखत नाही, ही सगळी नाटकं आहेत.

"आणि भाऊजी ह्यांना म्हणत होते, दादा, फक्त एवढं सांगा की मला दुखतं. बाकी काही सांगू नका," सासूबाई म्हणाल्या. "मी दारात होते. मलाही वाटलं नाटकंच. तरणाताठा माणूस, रात्रभर अंगणात फेऱ्या मारायचा. मला वाटायचं, कामाचा कंटाळा."

तुरुंगातून सुटल्यावर काका तेगूला निघून गेले, तिथेच एकटे वारले. सासरे अंत्यविधीला गेले नाहीत आणि कापडही पाठवलं नाही. गावोगावच्या मेलेल्यांना कापड पुरवणाऱ्या घरातला माणूस हॉस्पिटलच्या चादरीत गेला.

"आता कळलं," सासूबाई म्हणाल्या आणि आपल्या पायांकडे बघू लागल्या.

अधिक महिना संपत आला तशी माझी झोप पुन्हा उडाली. या थांबवणार, हे मला माहीत होतं. एकदा पितर कामावर परत आले की ही बाई तोंड उघडणार नाही. मग मी ते केलं. भिंतीवरचं सोसायटीचं कॅलेंडर, ज्यावर चांद्र तिथ्या बारीक अक्षरात असतात, ते काढून ठेवलं. भिंतीला ओल आलीय म्हटलं. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू, टीव्हीवर तिथी सांगत नाहीत. त्यांनी विचारलं, "संपला का गं महिना?" मी म्हटलं, "अजून आहे की." पुन्हा दोन दिवसांनी विचारलं, पुन्हा म्हटलं, "आहे अजून. यंदा लांबलाय." चोंगसोंगची बाहेरून हाक मारायची, तर मी फाटकापाशीच तिला गाठायची. दूध उतू जातंय, त्या झोपल्यात, अंघोळीला गेल्यात. तिनं एकदा विचारलं, "दिवसातून तीनदा अंघोळ करते का तुझी सासू?" जिवाला एक क्षण स्वस्थता नव्हती. त्यांचं दुखणं गेलं आणि माझ्या पायांत शिरलं.

आणि सासऱ्यांचं श्राद्ध पुढच्याच महिन्याच्या पंचमीला.

सोकजे थोरला मुलगा. हॉटेलात बिल द्यायचं विसरेल, बापाची तिथी विसरणार नाही. त्याला मी सगळं सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा वर्तमानपत्र खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला.

"आईला तू महिना लांबलाय म्हणून सांगितलंस?"

"मग काय सांगू? परत रात्रभर किंचाळा, असं सांगू?"

"अगं, पण बाबांचं श्राद्ध?"

"आठवडाभर पुढं ढकल."

"बाप ज्या दिवशी मेला त्या दिवशी मेला. तो काय बस आहे, उशिरा यायला?"

"मग तूच जाऊन सांग आईला. जा."

तो गेला नाही. कुणीच गेलं नाही. दोन दिवस आम्ही एकमेकांशी भांड्यांच्या आवाजातून बोललो.

पंचमीला सकाळी मी स्वयंपाकघरात उभी होते, काही सुचत नव्हतं. मागून आवाज आला, "ऑक्टोपस आणला का?"

सासूबाई. केस विंचरलेले, पांढरी चोळी घातलेली.

"कसला ऑक्टोपस, आई?"

"श्राद्धाचा. की यंदा ह्यांना काकडीवर भागवणार आहेस?" त्या दाराला टेकल्या. "मोतीबिंदू माझ्या डोळ्यात आहे, आभाळात नाही. कोर दिसते मला."

"तुम्हाला माहीत होतं? मग औषध का घेत होता?"

"तू खोटं बोलत होतीस तोवर पाप तुझं होतं," त्या म्हणाल्या. जराही न लाजता. "पण आज ते घरात येणार. त्यांच्या देखत नको. ती बाटली दे इकडे."

"कशाला?"

"दे म्हटलं ना."

मी दिली. ती उकिरड्यावर जाणार, हे मी गृहीतच धरलं. नवी मागवायला पुन्हा तेवढेच दिवस, पुन्हा त्याच कागदांचा खटाटोप, आणि आता सासूबाई त्याला हो म्हणणार नाहीत. सोकजे धावत जाऊन ऑक्टोपस घेऊन आला. मी दिवसभर लसूण-मिरचीशिवाय, पितरांना चालतं तसं, मासे पिठात घोळवून तळत होते, भाज्या वाफवत होते, आणि दर थोड्या वेळानं गॅस बारीक करून त्यांच्या खोलीत डोकावत होते. दुपारी त्या उठबस करू लागल्या. नंतर भिंत धरून फेऱ्या. मग फेऱ्याही थांबल्या, नुसत्या जमिनीवर बसून पुढेमागे झुलत होत्या. मी म्हटलं, "आई, एक फवारा. मामंजी यायला अजून वेळ आहे." त्यांनी मान हलवली. ओठ पांढरे पडले होते.

हल्ली आम्ही श्राद्ध संध्याकाळीच उरकतो. मुलगा उजिन सोलला नोकरीला, त्याला सुट्टी नव्हती, तेव्हा आम्ही तिघंच. टेबल मांडलं, सासऱ्यांच्या जागी त्यांच्या नावाचा कागद उभा केला, भात, सूप, ऑक्टोपस, नाशपाती. सोकजे झगा घालून पुढे बसला. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "भाताचा अजून एक वाडगा मांड."

"कुणाला?" सोकजेनं विचारलं.

"दोकपाल भाऊजींना."

सोकजेचा चेहरा कडक झाला. "आई, काकांच्या नावाचा कागद नाही. बाबांनी त्यांना या घरातून..."

"कागद नको. भाऊजी वाचून यायचे नाहीत."

"बाबांना चालणार नाही."

"मग उठून जातील ते. उठायची सवयच आहे त्यांना."

मी सोकजेच्या उत्तराची वाट बघितली नाही. वाडगा आणला, चमचा ठेवला. त्यानं माझ्याकडे रागानं बघितलं, पण वाडगा हलवला नाही. मग त्यानं दारू ओतली, ती फक्त बापाच्या पेल्यात. नमस्कार झाले. सासूबाईंना वाकता आलं नाही, बसल्या जागी त्यांनी नुसती मान झुकवली, आणि तेवढ्यानंही त्यांच्या तोंडून हुंकार निघाला.

आता पितरांची जेवायची वेळ. तेव्हा सगळ्यांनी बाहेर जायचं, दार लावायचं, त्यांना निवांत जेवू द्यायचं. मग थोरल्या मुलानं बाहेरून तीनदा खोकायचं आणि आत यायचं. मी सासूबाईंच्या काखेत हात घातला.

"नको," त्या म्हणाल्या. "उठवत नाही मला. मी इथंच बसते."

"आई, ते जेवत असताना कुणी थांबत नाही आत," सोकजे म्हणाला.

"पन्नास वर्षं त्यांना समोर बसून वाढलंय. जा तुम्ही."

सोकजेनं दार ओढून घेतलं. आम्ही ओटीवर मान खाली घालून उभे राहिलो. बाहेर रातकिडे ओरडत होते. मला उभं राहवत नव्हतं. आत त्या पडल्या तर? ती बाटली कुठे होती? मी सोकजेची बाही ओढली, त्यानं हात सोडवून घेतला. आतून बराच वेळ फक्त श्वास ऐकू येत होता, दाताखाली दाबलेला.

मग त्यांचा आवाज आला. "घ्या भाऊजी. तो भात तुमचाय. गरम आहे." मग जरा थांबून, वेगळ्या सुरात, "आणि तुम्ही काय तोंड फिरवताय? इकडं बघा. माझ्याकडं बघा."

टक् करून टोपण निघालं. फुस् झालं. थोड्या वेळानं पुन्हा फुस्.

"एवढंच मागत होता तुमचा भाऊ," त्या म्हणाल्या. "दुखतंय म्हणून सांगा, म्हणत होता. मी सांगते आता. दुखतं. मलाही दुखतं."

त्यानंतर त्या रडल्या. चार वर्षांच्या दुखण्यात मी त्यांना ओरडताना ऐकलं होतं, रडताना नाही. माझे पाय जागच्या जागी थांबले.

सोकजेनं खोकायला मूठ तोंडाशी नेली. तशीच धरून ठेवली आणि मग खाली घेतली.

"सूप गार होतंय," मी हळूच म्हणाले.

"होऊ दे," तो म्हणाला. "काकांचं जेवण व्हायचंय अजून."